हंगाम आखडला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एका आकड्यापासून सुरुवात करतो. आकडा आहे ३९.

१९५५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ‘गनस्मोक’ नावाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. घोडे, पिस्तुलं, धुळीनं माखलेलं एक गाव आणि तिथला शांत डोक्याचा मार्शल. पहिल्या वर्षी तिचे ३९ भाग झाले. त्याच सुमारास सुरू झालेल्या आल्फ्रेड हिचकॉकच्या रहस्यकथांचेही पहिल्या वर्षी ३९च भाग झाले. दोन वर्षांनी पेरी मेसन हा वकील पडद्यावर आला आणि त्याच्या पहिल्या हंगामाचेही ३९ भाग भरले. आता अलीकडे या. २०१६ साली आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला सीझन आठ भागांचा होता. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा २०१९मधला शेवटचा सीझन तर सहा भागांतच आटोपला.

पूर्वी जी गोष्ट नऊ महिने घरात यायची, ती आता शनिवारी लावली की रविवारी रात्री संपते. हे कसं झालं आणि त्यात आपल्या हातून काय गेलं, याविषयी आज बोलायचं आहे. मी कवितेचा माणूस. कुठं थांबायचं हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचाच, म्हणून या विषयाकडे माझं लक्ष गेलं.

तर ३९च का? गंमत अशी, की हा आकडा रेडिओनं दिलेला आहे. वर्षाचे आठवडे ५२. त्यांच्या चार तिमाह्या केल्या की एकेक तिमाही १३ आठवड्यांची होते. अमेरिकेत साबण, सिगारेट, मोटारी विकणारे जाहिरातदार रेडिओवरची वेळ अशी तेरा-तेरा आठवड्यांच्या हिशेबानं विकत घेत. तीन तिमाह्या कार्यक्रम चालायचा आणि चौथी तिमाही उन्हाळ्याची. तेव्हा तिथं लोक घराबाहेर असतात, रेडिओ कोण ऐकणार? मग मोठे कलावंत सुट्टीवर जात आणि त्यांच्या जागी कुणी बदली कार्यक्रम चाले. तेरा त्रिक एकोणचाळीस. ‘गनस्मोक’ स्वतः १९५२मध्ये रेडिओवरच सुरू झाली होती. टीव्ही आला तेव्हा त्यानं रेडिओचे कलावंत घेतले, गोष्टी घेतल्या आणि सोबत हे कॅलेंडरही उचललं. हंगाम हा शब्द तिथं खराखुरा हंगाम होता. पानगळीला सुरू व्हायचा, उन्हाळ्यात संपायचा.

मग टीव्हीवाल्यांच्या लक्षात आलं, की आपण चित्रफितीवर छापलेला भाग पुन्हा दाखवू शकतो आणि लोक तो पुन्हा बघतातही. पुन्हा दाखवायला खर्च नाममात्र. मग एकोणचाळीस नवे कशाला काढायचे? इथून उतरण लागली. १९६६ ते १९६९ या काळातल्या ‘स्टार ट्रेक’चे तीन हंगाम बघा: २९, २६ आणि २४. तीन वर्षांत पाच भाग गळाले. पुढं ही गळती बावीस-चोवीसच्या आसपास थांबली आणि तिथं बरीच दशकं टिकली. त्यालाही कारण पैशाचंच. मालिकेचे शंभरएक भाग झाले, की ती गावोगावच्या लहान केंद्रांना रोज दाखवायला विकता येई, आणि खरी कमाई तिथं होती. वर्षाला बावीस धरले तर पाचव्या वर्षी शंभरी गाठते. (‘स्टार ट्रेक’ ७९ भागांवर बंद पडली आणि तरीही पुनःप्रसारणावरच ती अजरामर झाली. व्यापाऱ्यांचे हिशेब प्रेक्षक असे अधूनमधून मोडतात.)

१९९९मध्ये ‘द सोप्रानोज’ आली, एका वर्गणीच्या वाहिनीवर. तिथं जाहिराती नव्हत्या, त्यामुळे वर्षभराचं वेळापत्रक भरून काढायची सक्तीही नव्हती. पहिला हंगाम तेरा भागांचा. रेडिओची एक तिमाही! २०१३च्या १ फेब्रुवारीला ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एका दिवसात प्रेक्षकांपुढे ठेवले गेले आणि आठवडा नावाची गोष्टच हिशेबातून गेली. तेराचे दहा झाले, दहाचे आठ. एकेका भागावर सिनेमासारखा खर्च होऊ लागला. शिवाय वर्गणीदाराला धरून ठेवायचं तर एकाच मालिकेचे बावीस भाग देण्यापेक्षा आठ-आठ भागांच्या तीन मालिका देणं बरं, असा विचार आला.

इथं कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? गोष्ट आटोपशीर झाली. पाणी घालणं थांबलं. मला हे अर्धंच पटतं. कारण जरा तासांचा हिशेब मांडून बघा. ‘गनस्मोक’चा भाग तेव्हा अर्ध्या तासाचा, जाहिराती वजा जाता साधारण २६ मिनिटांचा. असे ३९ म्हणजे सतरा तास. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा २०२२मधला चौथा सीझन नऊच भागांचा, पण त्यातला शेवटचा भाग एकटाच दोन तासांहून मोठा, आणि सगळे मिळून तेरा तासांच्या घरात जातात. म्हणजे गोष्ट तेवढी काही लहान झालेली नाही. लहान झाला तो तिच्यासोबतचा आपला काळ. सतरा तास नऊ महिन्यांवर पसरलेले असणं आणि तेरा तास दोन-चार दिवसांत कोंबलेले असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मग वाट बघणं. या मालिकेचा तिसरा सीझन जुलै २०१९मध्ये आला, चौथा मे २०२२मध्ये, पाचवा आणि शेवटचा नोव्हेंबर २०२५मध्ये. गोष्टीतली शाळकरी पोरं गोष्टीबाहेर मोठी होऊन गेली. नऊ वर्षांत पाच सीझन मिळून ४२ भाग झाले. मार्शलसाहेबांनी पहिल्या एका वर्षात ३९ केले होते.

आखडलेल्या हंगामात पहिलं काय जातं? बिनकामाचा भाग जातो. बावीस भागांच्या मालिकेत असा एखादा भाग हमखास असायचा, ज्यात मूळ कथानक इंचभरही हलत नसे. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, कुणाचा वाढदिवस विसरला गेला, पावसामुळे सगळे एका खोलीत बसून राहिले. समीक्षक त्याला भरताड म्हणत, आणि पुष्कळदा ते भरताडच असे. पण माणसाची ओळख संकटात होते हे अर्धसत्य आहे. संकटात त्याचं धैर्य कळतं. त्याचा स्वभाव कळतो तो रिकाम्या दुपारी. शेजारी राहणाऱ्याला आपण ओळखतो ते त्याच्या घरी चोरी झाली म्हणून नव्हे. दहा वर्षं तो जिन्यात भेटला, चपला झटकत उभा राहिला, गॅस सिलिंडर आला का विचारत राहिला, म्हणून. आठ भागांत जिन्याला जागा नाही. प्रत्येक प्रसंगानं पुढच्या प्रसंगाला ढकललंच पाहिजे असा नियम झालाय. मग आठ तास आपण पात्रांसोबत धावतो आणि संपल्यावर त्यांची नावंसुद्धा नीट आठवत नाहीत.

लहानपणाचा मी शत्रू नाही. ब्रिटिशांनी पूर्वीपासून सहा-सहा भागांचीच वीण ठेवली. ‘फॉल्टी टॉवर्स’ १९७५मध्ये सहा भाग आणि १९७९मध्ये सहा भाग, एकूण बारा, आणि त्यावर जगभरचे लोक अजून हसताहेत. पण ती मालिका जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनीच लिहिली होती. दोन माणसांच्या हातून जेवढं निगुतीनं होईल तेवढं त्यांनी केलं. तिथला आखूडपणा हाताच्या मापाचा होता. अमेरिकेतला नंतरचा आखूडपणा खतावणीच्या मापाचा आहे. पाच शेरांची गझल पूर्ण असते, पण ती पंधरा शेरांच्या गझलेतले दहा कापून होत नाही. तिचा श्वासच पाच शेरांचा असावा लागतो.

यात पोटापाण्याचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर. बावीस भागांच्या मालिकेत लेखकांचा एक ताफा जवळजवळ वर्षभर एका खोलीत बसून काम करायचा. नवखा पोरगा तिथं आधी ऐकायचा, मग एखादा संवाद सुचवायचा, मग त्याला एक भाग मिळायचा. चित्रीकरणाच्या जागी उभं राहून आपलं वाक्य नटाच्या तोंडी कसं बसत नाही, हेही तो बघायचा. अशा खोल्यांतून पुढचे मोठे लेखक तयार झाले. हंगाम आठ भागांचा झाला तसं हे काम काही आठवड्यांवर आलं. मोजके लेखक, मोजके दिवस, आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आत बहुतेकांची रवानगी. वर्षातला उरलेला काळ दुसरं काम शोधण्यात जातो. २०२३मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस संप केला. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीची चर्चा जास्त झाली. पण मालिकेवर किमान इतके लेखक ठेवलेच पाहिजेत, ही मागणीही तितकीच मोठी होती आणि ती करारात आली. हंगामाच्या भागांनुसार लेखकांची किमान संख्या त्यात ठरली. भाग किती, यावर चूल किती दिवस पेटणार हे ठरत असेल, तर हा विषय फक्त रसिकांचा राहत नाही.

अजून एक हंगाम सांगतो, जो अमेरिकेच्या वाटेनं आला नाही. इजिप्त, सीरिया आणि एकंदर अरबी जगात वर्षातल्या मोठ्या मालिका रमजानमध्ये दाखवल्या जातात. रोजा सोडला, इफ्तार झाली, घर एकत्र बसलं, की मालिका. तिचे भाग पारंपरिकरीत्या तीस, रात्रीला एक. जुन्या दमास्कसच्या मोहल्ल्याची ‘बाब अल-हारा’ २००६मध्ये आली ती अशीच, आणि पुढं कित्येक रमजान येत राहिली. तिथं हंगामाचं माप चंद्रानं ठरवलेलं होतं. आणि काय सांगावं, अलीकडच्या वर्षांत तिथंही पंधरा भागांच्या मालिका वाढल्या आहेत. अर्ध्या महिन्यात एक संपते, उरलेल्या अर्ध्यात दुसरी. चंद्र पुरा वाढेपर्यंतही कुणाला धीर नाही.

आपल्याकडे वळू. दूरदर्शनचा हिशेब रेडिओसारखाच तेराचा होता. मालिकेला मंजुरी मिळायची ती तेरा, सव्वीस, बावन्न भागांची. १९८४च्या जुलैत सुरू झालेल्या ‘हम लोग’चे १५६ भाग झाले. ‘रामायण’ ५२ भागांचं ठरलं होतं, लोकांच्या मागणीमुळे ते ७८ पर्यंत गेलं. दोन्ही आकड्यांना तेरानं पूर्ण भाग जातो, करून बघा. नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि आपण अमेरिकेच्या नेमके उलटे गेलो. तिथं हंगाम आखडला, इथं हंगामच नाहीसा झाला. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० ते २००८ या काळात अठराशेहून अधिक भाग चालली. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांचा टप्पा ओलांडला. नावात चार दिवस, आणि चालली दशकभराहून अधिक! आता आपल्यापुढं दोनच ताटं आहेत. एकात रोज वाढलं जाणारं, कधीही न संपणारं जेवण. दुसऱ्यात वेब मालिकेचे आठ घास.

गंमत म्हणजे रोजच्या मालिकेतही तो बिनकामाचा भाग नाही. वेळ अमाप, पण प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दचकलंच पाहिजे. कटकारस्थान सुरू नसलेली दुपार तिथंही दुर्मीळच.

याउलट ‘पंचायत’ बघा. २०२०पासून २०२५पर्यंत चार सीझन आले, प्रत्येक आठ भागांचा. तरी पहिल्या सीझनमध्ये एक अख्खा भाग एका फिरत्या खुर्चीवरून होणाऱ्या रुसव्यात घालवायची हिंमत लेखकानं दाखवली. फुलेरा गाव लोकांना आपलं वाटलं त्याचं श्रेय मी त्या खुर्चीला देतो. अमेरिकेतही २०२५च्या जानेवारीत ‘द पिट’ आली. इस्पितळाच्या तातडीच्या विभागातली एकच पाळी, पंधरा तासांची. एका भागात एक तास, असे पंधरा भाग, दर गुरुवारी एक. त्या सप्टेंबरमध्ये तिला उत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. दुसरा सीझन पुढच्याच जानेवारीत हजर, तोही पंधरा भागांचा. मधली वाट फक्त एका वर्षाची.

मराठीत ही मधली वाट होती. २००१मध्ये सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दर आठवड्याला यायची. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरची मालिका, म्हणजे मुळात रोजनिशीच. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. त्या घरात कुणी कुणाला विष दिलं नाही, कुणाची स्मृती गेली नाही. एका कुटुंबाचे साधे आठवडे आपल्या आठवड्यांना समांतर जात राहिले. आज एखाद्या तरुण लेखकानं असं काही लिहून नेलं, आठवड्याला एक भाग, सहा महिने, आणि मग सरळ समाप्त, तर ते रोजच्या मालिकेच्या खणात बसत नाही आणि वेबच्या आठ भागांतही मावत नाही. मला दोन-तीन जण ठाऊक आहेत, ज्यांच्याकडे अशा वह्या पडून आहेत. एकीच्या वहीत बरोबर सव्वीस भाग आहेत. मी वाचलेत. चौदाव्या भागात काहीच घडत नाही, फक्त दिवसभर नळाला पाणी येत नाही.