पर्वतीच्या पायऱ्या आणि आपला जिना
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या फोटोंबद्दल पाच मिनिटं बोला. मला वेड पायऱ्यांचे फोटो काढायचं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तर किती वेळा काढल्या! भर दुपारी दगड सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते. खालून काढलं तर चढ अंगावर येतो, वरून काढलं तर नुसते पट्टे दिसतात. वाईजवळ नाना फडणविसांचा मेणवलीचा घाट आहे, तिथंही तेच. आणि चौकटीत माणूस हवाच, नाहीतर पायरी वीतभर की हातभर, कळायचं कसं?

आपल्या जिन्याचा मात्र माझ्याकडे एकच फोटो आहे. लिफ्ट नव्हती तेव्हाचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई टेकलीय, शेजारी भाजीची पिशवी, जाळीतलं ऊन पायांवर. “इथं दम लागलाय, आणि फोटो कसले काढतोस!” म्हणून रागावली होती.

त्याच वर्षी सभेत लिफ्टचा विषय निघाला. “तीन मजले म्हणजे काय मोठा चढ आहे?” असं म्हणणाऱ्यांत मी होतो. विषय पुढे ढकलला गेला. शेवटची दोन वर्षं आई खाली उतरलीच नाही. लिफ्ट आली ती त्यानंतर.

तो फोटो आज बाहेर फलकावर लावलाय. पुढच्या महिन्यात जिन्याची फरशी बदलतेय. तुमच्याकडे जिन्यातले फोटो असतील, वरातीचे, फ्रिज चढवतानाचे, कसलेही, तर आणून द्या.