डेन्मार्कचा उंबरठा



परदेशांत पोट भरणें आणि परदेशांत आपलेपणा मिळविणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला हुशारी पुरते. दुसरीला काय लागतें, हें पाहण्यासाठीं आज आपण सुमारें ६० लाख वस्तीच्या डेन्मार्क देशाकडे वळूं. शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं आपल्याकडील तरुणही आतां तेथें जातात.

तेथें परक्याला पहिला चकवा बसतो तो संबोधनाचा. १९६० ते १९८० या काळांत डॅनिश भाषेंतील आदरार्थी 'आपण' रोजच्या व्यवहारांतून जवळजवळ नाहींसा झाला. विद्यार्थी प्राध्यापकाला आणि कारकून वरिष्ठाला नांवानें हांक मारतो व 'तूं' म्हणतो. आपल्याकडे 'अहो'चें 'अरे' झालें, कीं मैत्री जमली असें आपण समजतों. तेथील 'तूं' मात्र स्नेहाचा नव्हे, समतेचा आहे. कचेरींत मोकळेपणानें बोलणारा गृहस्थ 'घरीं या' म्हणत नाहीं, म्हणून नवखा खट्टू होतो. तेथें भेटीचा दिवस कित्येक दिवस आधीं ठरवितात. सहज जातां जातां दार ठोठावण्याची चाल नाहीं. यांत तुच्छता नसते. शाळेपासून जमलेल्या मित्रांचें वर्तुळ पूर्वींच भरलेलें असतें, इतकेंच.

दुसरी अडचण भाषेची. डॅनिश लोक पन्नासाला जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ 'अर्धा-तिसरा गुणिलें वीस', म्हणजे अडीच विसा! सत्तर म्हणजे साडेतीन विसा आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. इतर युरोपीय या हिशेबापुढें हात टेंकतात. परंतु ज्यांच्या घरीं विसांनीं मोजणारी आजी होती, त्यांना तो परका वाटूं नये. आपला 'अडीच' तरी संस्कृत 'अर्धतृतीय' यावरूनच आला आहे. खरी कसोटी उच्चारांची. निम्मीं व्यंजनें तोंडांतच विरतात. परका अडखळला, कीं समोरचा सौजन्यानें इंग्रजीवर येतो. आणि नेमकें तें सौजन्यच दार लावून घेतें. अशा वेळीं चुकत-माकत डॅनिशच बोलत राहण्याचा निर्लज्जपणा अंगीं बाणवावा लागतो.

मग दार उघडतें कोठें? दिवाणखान्यांत नव्हे, तर मंडळांत. १८४९ च्या राज्यघटनेनें संघस्वातंत्र्य दिल्यापासून या देशाला मंडळें काढण्याचा नाद लागला आहे. तीन डेन एकत्र आले कीं एक मंडळ निघतें, असें ते स्वतःच थट्टेनें म्हणतात. खेळ, गायन, बागकाम, सर्वांचीं मंडळें. आणि बरेंचसें काम बिनमोल, हौसेनें केलेलें. ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ सालीं र्‍योडिंग येथें पहिलें लोकविद्यालय निघालें. अशा विद्यालयांत परीक्षा नसते. एकत्र राहणें, गाणें व शिकणें हेंच शिक्षण. तेथें किंवा मंडळांत जो परका खुर्च्या मांडतो, भांडीं विसळतो, हिशेब ठेवतो, त्याची ओळख 'परदेशी' म्हणून न राहतां 'आपला खजिनदार' म्हणून होऊं लागते.

सरकारी दरबारचा उंबरठा याहून उंच आहे. सामान्यतः नऊ वर्षांचें वास्तव्य, भाषेची व नागरिकत्वाची परीक्षा, आणि शेवटीं राज्यघटनेप्रमाणें पार्लमेंटचा कायदा, एवढ्यानंतर परका नागरिक होतो. २०१९ पासून नागरिकत्वाच्या समारंभांत हस्तांदोलनही आवश्यक केलें आहे. २०१५ पासून डेन्मार्क जुनें नागरिकत्व सोडावयास सांगत नाहीं. परंतु भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला तेथें नागरिक व्हावयाचें, तर मायभूमीचें नागरिकत्व सोडावें लागतें. हा सौदा लहान नव्हे.

आणि तो करूनही, 'तुम्ही मूळचे कोठले?' हा प्रश्न सुटत नाहीं. येथें यजमानाचेंही कर्तव्य उरतें. परक्यानें भाषा शिकावी, काम अंगावर घ्यावें, हें योग्यच. पण पाहुण्यानें उचललेलें ओझें पाहून त्याला घरचा म्हणणें हें घरच्यांनींच करावयाचें असतें. आपल्याही शहरांत परप्रांतांतून माणसें येतात. त्यांना आपण किती वर्षें पाहुणे ठेवतों, याचा विचार आपणही करावा.