रुळावरचे आटे
(बाळापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पुढच्या रांगेत आयटीआयची मुलं आहेत, त्यांनी घरोघरी सांगितलं असेलच. मिलिंगला चौथा अक्ष जोडला की जॉब स्वतःभोवती फिरतो. एका टोकाला चक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक, मधे गोल बार. त्यावर हवी ती खाच, हवी ती नक्षी निघते. माझा आग्रह एकच आहे. वऱ्हाडातल्या पोरांना हा अक्ष रेच्यापासून शिकवा.

(मागून : ‘रेचा कोनी पाह्यला, सर?’ हशा.)

बरोबर आहे, तुम्ही सरकी काढणारे जीन पाहिलेत. मॅकार्थीचं पेटंट 1840 चं, अमेरिकेतलं. आपल्या दुरुळी जिनाचं मूळ तिथं. सरकी काढायचा लाकडी हातरेचा त्याच्या शतकानुशतकं आधीचा आणि आपल्या देशातला. एकावर एक दोन रूळ. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे राहते. हातानं फिरतो एकच रूळ, दुसरा मात्र उलटा फिरायला हवा. म्हणून रुळांच्या टोकांना लाकडातच आटे कोरत आणि ते एकमेकांत बसवत. मुलांनो, एकाचे आटे उजवे, तर दुसऱ्याचे?

(‘डावे!’)

डावेच! दोन्ही उजवे केले तर समांतर रुळांचे आटे जुळणारच नाहीत. हे त्या सुताराला पक्कं ठाऊक होतं. पटाशीनं लाकडावर त्यानं जे केलं, तेच आपलं यंत्र करतं.

कसं, ते पाहा. 50 मिलिमीटरचा बार घ्या, परीघ 157. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, पाया 157, उंची 20. बारला गुंडाळा. तिरपी बाजू म्हणजे आट्याची रेघ. यंत्राला सांगायचं ते एवढंच : बार 360 अंश फिरेतो टेबल 20 मिलिमीटर सरकव. हे 20 म्हणजे आट्याची लीड. पण या बारवर एक अंश म्हणजे पृष्ठभागावर 0.44 मिलिमीटर, 100 च्या बारवर दुप्पट. अंशांचा वेग तोच ठेवलात तर जाड बारवर कटर दुप्पट वेगानं कापायला धावतो आणि मोडतो. म्हणून आधी व्यास मोजा, मग प्रोग्राम.

जिनाच्या रुळाचंही तेच. चामड्याच्या चकत्या दांड्यावर दाबून बसवतात, वर फिरत्या खाचा पाडतात. रूळ झिजला, व्यास घटला, की त्याच लीडची खाच रुळाच्या लांबीकडे जास्त झुकते. या चकत्यांच्या क्रोम चामड्यातलं क्रोमियम हा वेगळा, आणि गंभीर, विषय. कापूस तंत्रज्ञान संस्थेनं त्यावर रबर लावलेल्या सुती कापडाचे रूळ...

(घंटा.)

दोनच मिनिटं, अध्यक्षमहोदय. मघाशी चहाला एका सद्गृहस्थांनी टोकलं, ‘तुम्ही जुन्याचे गोडवे गाता.’ नाही हो! तेच आटे आजच्या यंत्रांतही आहेत. शाळेतल्या डिव्हायडिंग हेडची मूठ 40 चकरा फिरवल्यावर जॉबची एक चक्कर होते, ती आत वर्म आहे म्हणून. वर्म म्हणजे आटेच. कितीतरी रोटरी टेबलांच्या पोटातही तोच असतो. त्याच्या दात्यांत ढिलाई असेल तर दिशा बदलताना खाच चुकते. हे हातानं फिरवल्यावर कळतं, पडद्यावर नाही.

(पुन्हा घंटा.)

थांबतो. डावे आटे हवे असतील तर प्रोग्रामात ए अक्षाच्या, म्हणजे या फिरत्या चौथ्या अक्षाच्या, आकड्याचं चिन्ह उलटं करा, बाकी सगळं तसंच. टेबलावर लाकडाचे दोन रूळ ठेवलेत, एक उजवा, एक डावा. मुलांनी आधी पुढं यावं.