कॉफीच्या मळ्यांतील पाहुणे
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या वसईच्या वाड्यांतून केळीं, भाजी व फुलें पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारीं गेलीं. परंतु पिकविणारानें खाणारास पाहिलें नाहीं व खाणारानें पिकविणारास पाहिलें नाहीं. मध्यें दलाल उभा असे, आणि भाव तोच सांगे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोंत ती दूरच्या मेक्सिको देशाची आहे. तथापि ती आपणांस परकी वाटणार नाहीं.

त्या देशाच्या ओआहाका प्रांतांत डोंगरांवर गरीब आदिवासी शेतकरी कॉफी पिकवितात. लाल झालेलें फळ एकेक हातानें खुडावें लागतें. मग साल काढणें, आंबविणें, धुणें, वाळविणें. इतकें करून माल ज्याच्या हवालीं करावयाचा, त्या दलालास तेथील लोक कोल्ह्याच्या जातीच्या एका रानटी जनावरावरून ‘कोयोटे’ म्हणत. १९८० सालीं फ्रान्स व्हॅन डर हॉफ नांवाचे डच धर्मगुरु तेथें आले. ते नुसता उपदेश करून थांबले नाहींत. स्वतः कॉफी लावून शेतकऱ्यांसारखेच राहिले. १९८३ सालीं शेतकऱ्यांनीं ‘उसिरी’ ही सहकारी संस्था स्थापिली, आणि पुढें स्वतःची मोटारबस सुरू केली, शेतकी शाळाही काढली.

हॉलंडांतील ‘सॉलिडारिडाड’ संस्थेचे निको रोझेन यांच्याशीं या धर्मगुरूंची गांठ पडली, आणि १५ नोव्हेंबर १९८८ रोजीं ‘मॅक्स हाव्हेलार’ या छापाची कॉफी तेथें विक्रीस निघाली. (हें नांव १८६० सालच्या एका डच कादंबरीचें, तींत जावा बेटांतील रयतेच्या पिळवणुकीची कथा आहे.) शेतकऱ्यांचें मागणें दानाचें नव्हतें, वाजवी भावाचें होतें. त्याचें मोल २००१ सालीं कळलें. जागतिक बाजारांत कॉफी पौंडास ५० सेंटांच्याही खालीं कोसळली, तेव्हां वाजवी व्यापारांतील किमान भाव अधिमूल्यासह १ डॉलर २६ सेंट होता. व्हॅन डर हॉफ २०२४ सालीं निवर्तले.

त्याच १९८८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ‘ग्लोबल एक्सचेंज’ ही संस्था निघाली. लोकांनीं परदेशीं जाऊन शेतकरी व कामकरी यांच्याशीं समोरासमोर बोलावें, म्हणून तिनें अभ्याससहली चालविल्या. अशा प्रवासांत मोठा लाभ आहे. पण धोकाही आहे, तो आम्ही लपवीत नाहीं. पाहुणा येतो, संस्थेच्या कचेरींत त्याचा सत्कार होतो (आपल्याकडे तर हारतुऱ्यांतच दुपार होते!), आणि तो समाधानानें परततो. हंगामांत रोजानें फळें खुडणारी बाई त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. लंडनच्या ‘सोआस’च्या संशोधकांनीं इथिओपिया व युगांडा येथील पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध केली, वाजवी व्यापाराच्या संस्था असलेल्या भागांतही मजुरांची मजुरी इतर ठिकाणांहून चांगली नव्हती, असें तींत आढळलें. लहान शेतकऱ्याच्या मळ्यांतही मजूर असतो, हें आपण वाडीवाले चांगले जाणतों.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील तरुण कधीं अशा सहलीस निघाले, तर त्यांनीं तेथें विचारावें : भाव कोणीं ठरविला? पैसे कोणत्या दिवशीं मिळाले? खुडणाराच्या हातीं किती पडले? आणि निघण्यापूर्वीं त्या लोकांनाही आपल्या वाड्यांत येण्याचें आमंत्रण द्यावें. त्यांनीं येथें येऊन आपल्या गड्यांना हेच प्रश्न विचारले, तर आपणांस जवळ बसून उत्तरें ऐकावीं लागतील.