काचेच्या आतलं पाणी आणि आमच्या पवनेचं पाणी

मी बोलतोय पवनानगरहून. मध्येच कोंबडा आरवला किंवा एखादी गाडी हॉर्न वाजवत गेली तर सांभाळून घ्या, कारण आपला स्टुडिओ म्हणजे आमच्या घराची माडी. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं आणि पलीकडे तुंगचा सुळका.

आजचा विषय मात्र दुबईचा आहे. तिथल्या मॉलमधल्या मत्स्यालयाच्या टाकीत मी पाठीला सिलिंडर बांधून उतरलो, त्याची गोष्ट. पण ती सुरू होते इथेच.

आमचं जुनं घर आणि शेत या धरणाखाली गेलं. अण्णा अजून काठावर उभे राहून बोटाने दाखवतात: तिथे आपली विहीर, तिथे बांध, त्याच्या पुढे नदीचं मूळ पात्र. लहानपणी आम्हाला पाण्याजवळ फिरकू देत नसत. म्हणायचे, "वरनं सपाट दिसतंय रे, खाली गाव हाय." त्यामुळे धरणाच्या काठावर वाढूनही मला पोहता येत नव्हतं.

आम्ही पर्यटकांना तंबू भाड्याने देतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काठावर एक विशीतला मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढून घेत होता. फोटोत सगळे यावेत म्हणून एक पाऊल मागे सरकला आणि दिसेनासा झाला. मित्र ओरडायला लागले. मी धावलो, पण करणार काय? पोहता येत नाही, जवळ दोर नाही, साधी हवा भरलेली ट्यूबसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो सापडला. त्याच्या वडिलांना चहा मी नेऊन दिला. तो कप तसाच राहिला.

त्यानंतर मी पिंपरीला जाऊन तरणतलावात पोहायला शिकलो. म्हणजे आमच्याच पवनेच्या पाण्यात, फक्त क्लोरीन घातलेल्या!

मग ताईकडे दुबईला गेलो. भाचा चौदा वर्षांचा. म्हणाला, "मामा, तू धरणावरचा ना? चल माझ्याबरोबर टाकीत." आता भाच्यासमोर नाही कसं म्हणणार?

ती टाकी २००८ मध्ये सुरू झाली. पाणी एक कोटी लिटर. समोरची पारदर्शक भिंत सुमारे ३३ मीटर रुंद, ८ मीटरहून उंच आणि पाऊण मीटर जाड. ही काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आमचं पवना धरण साडेआठ टीएमसीचं. हिशेब केला तर अशा चोवीस हजार टाक्या त्यात मावतील. पावसाळ्यात साडेतीन हजार क्युसेकने पाणी सोडलं, तर ती टाकी पावणेदोन मिनिटांत भरेल.

मी मनात म्हटलं, एवढीशी तर टाकी आहे. तिथेच चुकलो.

उतरण्याआधी एक अर्ज दिला. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं काही झालंय का, सर्दी आहे का. मी भराभर "नाही, नाही" लिहायला लागलो, तर प्रशिक्षकाने हात धरला. म्हणाला, सावकाश वाच. मग शिकवणी. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच माझे कान ठणकायला लागले. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, जमलं नाही तर थोडं वर जाऊन पुन्हा प्रयत्न करायचा. तेव्हा समजलं, पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकीच्या आकारावर नाही. टाकी असो, समुद्र असो, धरण असो, माणसाच्या कानाला ते सारखंच.

मग खाली गेलो. सँड टायगर शार्क! तोंड मिटलं तरी दात बाहेर. मास्कमधून पाहिलं की वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणजे बघा माझी काय अवस्था. प्रत्यक्षात हा शार्क शांत स्वभावाचा. गंमत म्हणजे माशांना असते तशी हवेची पिशवी शार्कला नसते, म्हणून हा पठ्ठ्या वर येऊन हवा गिळतो आणि पाण्यात तरंगत राहतो. माझ्या जाकिटात बटण दाबून हवा भरत होते, तेच काम.

मी खूश होऊन प्रशिक्षकाला अंगठा दाखवला. म्हणजे, लय भारी! तो मला लगेच वर न्यायला लागला. कारण पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चला", आणि "ठीक आहे" म्हणायला अंगठा व तर्जनीचं कडं करायचं. हे त्याने दोनदा सांगितलं होतं. भिंतीपलीकडून एक पोर मला हात हलवत होतं. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालयात मीही असाच काचेला नाक लावून उभा होतो.

वर आल्यावर प्रशिक्षकाने विचारलं, विमान कधीचं आहे? डायव्हिंगनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. एका डाइव्हनंतर निदान बारा तास, जास्त केल्या तर अठरा तास. मालवणला डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हा प्रश्न आपल्या प्रशिक्षकाला जरूर विचारावा.

ताईच्या घरी त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर शार्क नव्हता, तो मुलगा होता. स्वच्छ पाणी, सपाट तळ, भिंतीपलीकडे शंभर माणसं, आणि तरीही मला आत सोडण्याआधी किती प्रश्न, किती खुणा, शेजारी एक माणूस सतत माझ्या डोळ्यांकडे बघणारा. आणि आमच्याकडे? गढूळ पाणी, खाली विहिरी, बांध, झाडांचे बुंधे, आणि आम्ही "या बसा, जेवण नऊला" एवढंच सांगत होतो. पाणी शांत आहे म्हणून ते सुरक्षित होत नाही. कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली असते, म्हणून होतं.

लोक विचारतात, पवनेत स्कूबा सुरू करा ना. नको. हौस असेल तर तारकर्लीला जा, रीतसर शिका. इथला तळ बघायचाय? उन्हाळ्यात या. पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं. चालत जा, बांध किती खोल आहेत ते डोळ्यांनी बघा.

आता आमच्याकडे दोर आहे, फेकायची रिंग आहे, लाइफ जॅकेट आहेत. आणि तंबू द्यायच्या आधी पाच मिनिटांची शिकवणी आहे. ती अण्णा घेतात. वय अठ्ठ्याहत्तर. काठी उचलून दाखवतात, तिथे आमची विहीर होती. पोरं आधी हसतात, मग पाण्याकडे बघतात आणि दोन पावलं मागे सरकतात. मागे म्हणजे, जमिनीकडे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.