खेळ शिकविणारा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, बचत, स्वयंपाक यांवर बोलणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी फुटबॉलवर बोलणार असे सांगितले तेव्हा चिटणीसबाई हसल्या. तुम्हांलाही हसू आले असेल. पण माझे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढी विनंती.

आधी माझी एक चूक सांगते. चार वर्षांपूर्वी माझी धाकटी मुलगी संध्याकाळी मैदानावर चेंडू खेळायला जाई. एक तरुण तेथे पोरांना गोळा करून शिकवीत असे. तिला तेरावे वर्ष लागले, शेजारीपाजारी कुजबुज सुरू झाली, आणि मी तिचे जाणे बंद केले. तो तरुण घरी आला. "काकू, तिला अजून एक वर्ष द्या," एवढेच म्हणाला. मी त्याला चहा दिला. होकार दिला नाही. मुलगीही काही बोलली नाही. तिने बूट धुतले आणि माळ्यावर टाकले. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते माझ्या हाती लागले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

खेळ शिकविणारा माणूस करतो तरी काय? पोरे तर आपोआपच खेळतात, असे आपल्याला वाटते. पण आपलाच परभणी जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तेथल्या एका माणसाची हकिगत ऐका. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. पुढे ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली आपल्या संघाने १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. १९६२ च्या अंतिम सामन्यात जर्नेलसिंग हा मूळचा बचाव करणारा खेळाडू. डोक्याला जखम असूनही रहीम साहेबांनी त्याला पुढच्या फळीत खेळविले, आणि त्याने गोल केला. दक्षिण कोरियावर आपण २-१ असा विजय मिळविला. रहीम साहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

या माणसाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट पदकांची नाही. मुले दुबळ्या पायाने चेंडू मारायला शिकावीत म्हणून ते त्याच पायाने खेळावयाचे सामने भरवीत. उजव्या पायाच्या मुलाने डावाच वापरायचा! मुलाचे जे अंग कच्चे ते पारखावे, त्याला न हिणवता पक्के करावे, हेच शिकविणाऱ्याचे काम. पोळी लाटायला शिकविताना आपण तरी दुसरे काय करतो?

दुसरे उदाहरण नागपूरचे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी एकदा भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. त्यातून त्यांनी २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. त्यांच्या संस्थेतील मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. तो त्यांच्याच कार्यावर बेतलेला आहे. बारसे सरांपाशी प्रथम काय होते? एक चेंडू, आणि त्या पोरांकडे पाहण्याची दृष्टी.

आता चांगला प्रशिक्षक ओळखावा कसा? लहान मुलांना तो एकदम अकरा-अकरांच्या मोठ्या सामन्यात ढकलीत नाही. चार-पाच जणांचे छोटे संघ करतो, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू पुन्हा पुन्हा लागतो. चेंडूही वयाप्रमाणे देतो. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा, त्यापुढे पाच नंबरचा. हरल्यावर तो ओरडत नाही, आणि कच्च्या मुलाला कायम बाहेर बसवून ठेवीत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ प्रशिक्षकांना पायरीपायरीने परवाने देतो. कोणता परवाना घेतला आहे, हे आपण खुशाल विचारावे. आणि आईच्या मनातली भीतीही लपवू नये. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली कायदा झाला आहे. जो भला शिक्षक आहे तो पालकांनी मैदानावर येऊन बसण्याला कधीच नको म्हणणार नाही. जो म्हणेल, तेथे मूल पाठवू नये.

मुलींनी खेळावे काय, हा प्रश्न आता जगाने सोडविलेला आहे. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातच झाला. अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. प्रश्न उरला आहे तो आपल्या गल्लीत, आणि तेथे कुजबुजणाऱ्या आपणच असतो. मीही होते.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. मुलींच्या खेळासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मिळावे, म्हणून आपण शाळेला विनंती करावी. मंडळाच्या शिलकेतून चार चेंडू घ्यावेत. आणि पाळीपाळीने आपल्यापैकी दोघींनी मैदानाच्या कडेला बसावे. स्वेटर विणायला ती जागा काही वाईट नाही!

ते बूट सापडले तेव्हा मी मुलीला म्हटले, "बाई, माझे चुकले. आता जातेस का?" ती म्हणाली, "आई, हे बूट आता मला होत नाहीत. पण शेजारच्या धाकटीला बरोबर होतील."

ते बूट मी आज पिशवीतून आणले आहेत. त्या धाकटीची आई समोरच बसली आहे. कार्यक्रम संपला की मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी नाही म्हणू नये, एवढेच मागते आणि आपली रजा घेते.