अखेरच्या उपचारांविषयी आपली इच्छा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी श्रावक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजारपण आणि मरण हा विषय काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु जो समाज नित्य प्रार्थनेत समाधिमरणाची भावना भावतो, त्याला हा विषय अशुभ वाटण्याचे कारण नाही. मी वैद्य नाही, वकीलही नाही. कापडाचा व्यापारी आहे. व्यापाऱ्याच्या नजरेला जे दिसले, तेच सांगणार आहे.

आपल्यापैकी अनेकांनी मृत्युपत्र केले आहे, विम्याला वारस लावला आहे, भागीदारीच्या कागदांत पुढच्या पिढीची कलमे घातली आहेत. मालमत्तेचे काय करावे हे इतक्या दक्षतेने लिहिणारे आपण, स्वतःच्या देहावर अखेरीस कोणते उपचार व्हावेत याविषयी मात्र एक ओळही लिहून ठेवत नाही.

मग काय घडते? अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, “व्हेंटिलेटर लावायचा का? लगेच सांगा.” थोरला मुलगा गप्प राहतो. परगावची लेक फोनवर रडते. परदेशातील धाकटा म्हणतो, “मी येईपर्यंत काही काढू नका.” यांत कोणीही वाईट नसते, वडिलांना काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नसते, एवढेच. पुढे वर्षानुवर्षे त्या एका सहीवरून भावंडांत अबोला राहतो.

माझ्या परिचयातील एका काकूंनी पन्नास वर्षे रात्री पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. शेवटच्या आजारात त्या शुद्धीवर नव्हत्या आणि नाकातील नळीतून त्यांना मध्यरात्रीही पातळ आहार दिला जात होता. ठराविक तासांनी आहार देणे हा तेथील नियम. काकूंचा नियम डॉक्टरांना कोणी सांगितलाच नव्हता. कानाशी णमोकार मंत्र म्हणण्यास सुनेला दिवसातून दहा मिनिटे मिळत. नळी काढता आली असती की नाही, हे वैद्यक जाणे. पण त्यांची इच्छा विचारात तरी घेतली गेली असती.

कायद्याची वाट आता मोकळी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या प्रश्नाचा प्रथम विस्ताराने विचार केला. त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना, सन्मानाने मरण हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगून न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्रास मान्यता दिली. त्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. एवढ्या खटाटोपात कोण पडणार? जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून पत्र साक्षांकित केले की पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या व्यक्तीचे वा व्यक्तींचे नाव त्यात घालावे. एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यावी. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले गेले, हे मुद्दाम नमूद करतो.

हे पत्र केले म्हणजे उद्या कोणी आपल्याला औषधाविना सोडील, ही भीती निराधार आहे. रोग्याची निर्णयशक्ती गेली असेल आणि बरे होण्याची आशा उरली नसेल, तेव्हाच ते पाहिले जाते. तेव्हाही तज्ज्ञ डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांची संमती लागते. आपण शुद्धीवर आहोत तोवर आपला शब्दच अखेरचा, आणि पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. इंजेक्शन देऊन जीव घेण्यास यात मुळीच परवानगी नाही.

कोणी विचारतील, ही सल्लेखना का? नव्हे. सल्लेखना हे व्रत आहे. कषाय कृश करीत, गुरूंच्या आज्ञेने, पूर्ण जाणिवेने घ्यावयाचे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे ते कसे पार पाडले, याच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रतास आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा देशभर समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. निर्देशपत्र हा केवळ उपचारांविषयीचा कागद आहे. तो कोणी व्रत म्हणून मिरवू नये. तथापि शास्त्रकारांनी सल्लेखनेच्या अतिचारांत जीविताशंसा आणि मरणाशंसा दोन्ही सांगितल्या आहेत. जगण्याची हाव नको, मरणाची घाईही नको. यंत्रांच्या गराड्यात कुटुंबाने निर्णय घेताना हाच तोल नेमका सुटतो, असे माझे मत आहे.

यंत्र नाकारणे म्हणजे वेदना सोसणे नव्हे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे. वेदना शमविणे, श्वास सुसह्य करणे, आप्तांना जवळ बसू देणे ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. म्हणून पत्रात काय नको याबरोबर काय हवे, तेही लिहावे. नियम-व्रते, शेवटी घरी राहण्याची इच्छा, भोवती कोणते स्तोत्र म्हटले जावे, हे सारे मुलांना तोंडी सांगावे आणि लिहूनही ठेवावे.

माझे पत्र मी केले आहे. थोरल्या मुलाऐवजी लेकीचे नाव घातले, तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली. मुलाचा जीव हळवा आहे. तो सही करताना कोसळेल. लेक रडेल, पण मी सांगितले तसे करील. हा खुलासा मी दोघांना समोरासमोर बसवून केला. तो तासाभराचा संवाद मला कागदापेक्षाही मोलाचा वाटतो.

विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. चातुर्मासानंतरच्या एखाद्या रविवारी भवनात एक डॉक्टर, एक वकील आणि एक नोटरी यांना निमंत्रित करावे. ज्यांना पत्र करावयाचे असेल त्यांनी साक्षीसाठी दोन परिचितांना सोबत आणावे. साक्षीदार शक्यतो वारसांपैकी नसावेत. नोटरीचे शुल्क आणि झेरॉक्सचा त्या दिवसाचा खर्च माझ्याकडे लावावा. नावे कार्यालयातील मुनीमजींकडे आजपासून द्यावीत.

जय जिनेंद्र!